न झिजणारी पट्टी

“माझ्या पट्ट्या कुणी काढल्या?”

मृणाल इंगवले मल्लखांबशाळेच्या दारात उभी होती. दोन्ही हातांत एकेक बूट, तळ वर केलेला. प्रत्येक तळाच्या मधोमध रिकामी खाच.

“मी,” दादू वस्ताद म्हणाले.

आत यायचं तर पायताण बाहेर काढायचं, हा या शाळेचा नियम. खुद्द वस्तादांनीच त्या नियमाचा असा फायदा घ्यावा? संताप यायलाच हवा होता, आणि आला.

“न विचारता?”

“न इचारता.”

“माझ्यावर राग असेल तर तोंडावर बोला ना. चोरी कशाला?”

वस्तादांशी असं कुणी बोलत नसे. मृणाल लहानपणापासून त्यांच्याच हाताखाली तोल शिकलेली. पण आता ती इंजिनिअर झाली होती आणि तिनं एक बूट तयार केला होता, त्यामुळे गोष्ट वेगळी.

बूट साधा नव्हे. ग्राइंड शूज म्हणतात त्यांना. उडी मारून लोखंडी पाइपावर पाय आडवे टेकून उभं राहायचं आणि तोल सांभाळत त्यावरून घसरत खाली यायचं, त्यासाठीचे. तळाच्या मधोमध खाच असते आणि खाचेत पट्टी. पाइपावर घासते ती ही पट्टी. बाजारातल्या बुटांत ती नायलॉनची येते. घासून पातळ झाली की स्क्रू काढायचे आणि नवी बसवायची. मृणालला ही सगळी कटकट वाटे. तिनं पोलादाची पट्टी केली आणि स्क्रूंच्या जागी खटका बसवला. अंगठ्यानं दाबला की पट्टी सुटून हातात.

त्या खटक्यामुळेच वस्तादांचं काम सोपं झालं होतं, हेही तिला झोंबत होतं.

“उद्या पुण्याहून बूट बनवणारी माणसं येतायत,” ती म्हणाली. “टेकडीच्या कठड्यावरून मी त्यांना घसरून दाखवणार आहे. पसंत पडलं तर माझी पट्टी त्यांच्या प्रत्येक बुटात जाईल. वर्षभर राबलेय मी याच्यासाठी. तुम्हाला ठाऊक होतं हे!”

“ठावं हुतं.”

“तरी काढल्यात?”

“म्हणूनच काढल्या.”

मृणालनं बूट खाली आपटले.

वस्ताद खांबाला एरंडेल चोळत होते. त्यांचा हात थांबला नाही.

“पट्टी सुटी कशापायी केलीस?”

“झिजली की बदलता यावी म्हणून.”

“किती बदलल्यास?”

“एकही नाही!” तिचा आवाज चढला. “तेच तर सांगतेय. रोज त्याच कठड्यावर घासते. पट्टीला ओरखडासुद्धा नाही.”

“मग झिजलं काय?”

“काहीच नाही.”

“रोज घासतीस... आन झिजलं काहीच न्हाई.”

“नाही! त्यालाच चांगलं डिझाइन म्हणतात, वस्ताद.”

...

वस्तादांनी फडकं खांद्यावर टाकलं.

“खांबावर चढायच्या आदी काय करतीस?”

पहिल्या दिवशी आलेल्या पोरांना विचारायचा हा प्रश्न. मृणालचे कान लाल झाले.

“हात फिरवते. ढलपी निघालेली असली तर अंगात घुसते.”

“आन पाइपाला?”

“पाइपावर मी बूट घालून जाते. तिथे हाताचा काय संबंध?”

“चल.”

शाळेच्या अंगणाला लागूनच भैरोबाच्या टेकडीच्या पायऱ्या सुरू होतात. कडेनं गावानं बसवलेला लोखंडी पाइपाचा कठडा आहे. वस्ताद त्याच्याशेजारी जाऊन उभे राहिले.

“फिरव हात.”

“कशाला?”

“मी सांगतोय म्हणून.”

रागातलं काम नीट होत नाही. मृणालनं तळहात कठड्यावर दाबला आणि सर्रकन खाली ओढला. एकदाचं समाधान होऊ दे यांचं!

पुढच्याच क्षणी तिनं हात झटकला. तळहातावर रक्त होतं.

ती वाकून बघायला लागली. पाइपाचा रंग वरच्या अंगानं पार गेला होता. लांबच लांब चरे पडले होते आणि चऱ्यांच्या कडांना लोखंडाची बारीक कुसं उभी होती.

वरून सोनाक्का उतरत होती. रोज भैरोबाला जाणारी म्हातारी. एका हातात पूजेचं ताट. दुसऱ्या हाताला पदर गुंडाळलेला आणि त्याच हातानं कठडा धरलेला.

असे पदर मृणालनं कितीतरी दिवस पाहिले होते. पाइप उन्हानं तापत असेल, असं तिला वाटायचं. आता माघातली सकाळ होती आणि पाइप गारठलेला होता.

“मला कुणी सांगितलं का नाही?” ती ओरडलीच. राग तेवढाच होता, फक्त कुणावर काढावा ते कळेना.

सोनाक्का दचकून थांबली.

“काय सांगायचं, बाई? आमास्नी वाटलं, कठडा जुना झाला.”

आणि पदर सावरत, पुन्हा कठडा धरत ती उतरून गेली.

...

मृणालनं मूठ गच्च मिटली.

“मी कानस आणते. आजच्या आज सगळा पाइप घासून गुळगुळीत करते.”

“कर.”

“मग पट्ट्या द्या माझ्या.”

वस्तादांनी कमरेला खोचलेल्या दोन्ही पट्ट्या काढल्या आणि पायरीवर ठेवल्या. लख्ख होत्या. खरंच एक ओरखडा नव्हता.

मृणाल पट्ट्यांकडे बघत राहिली. वाकली... आणि त्या न उचलता तशीच सरळ झाली.

“या लावायच्या नाहीत, तर काय नायलॉनच्या लावू? त्या तर सगळ्यांकडे आहेत!” तिचे डोळे भरून आले, त्याचाही तिला राग आला. “हा अन्याय आहे, वस्ताद. एका दिवसात तुम्ही म्हणताय, वर्ष फुकट गेलं. उद्या ती माणसं इथे उभी राहतील. मी त्यांना दाखवू काय?”

वस्तादांनी तिची मिटलेली मूठ हातात घेतली आणि एकेक बोट हळूहळू उघडलं. तळहातावर कुसांचे लाल ओरखडे होते.

“हे दाखव.”