दळलेला डोंगर

फार पूर्वी, आता ज्याचं नावही कुणाला आठवत नाही अशा एका राजाच्या राज्यात, डोंगराच्या पायथ्याशी एक म्हातारी कुंभारीण राहत होती. तिची मडकी दुधासारखी पांढरी असत. त्यांची माती एकाच खाणीत मिळे आणि त्या खाणीचा रिवाज ठरलेला होता. कुदळ टणक दगडाला लागली की थांबायचं, आणि खाणीवरच्या रानातलं एकही झाड तोडायचं नाही.

का, ते तिला तिच्या आजीने सांगितलं होतं. डोंगराच्या दगडात पांढरे-गुलाबी कण असतात. पावसाचं पाणी पाचोळ्यातून, मुळांतून झिरपताना आंबूस होतं आणि त्या कणांना आतून पोखरतं. त्यांतला खार पाण्याबरोबर वाहून जातो. मागे उरते ती मऊ माती. कित्येक पिढ्या सरतात, तेव्हा टोपलीभर होते.

एकदा राजकन्येचं लग्न ठरलं. बोहल्याच्या चारी कोपऱ्यांना पांढऱ्या मडक्यांच्या उतरंडी हव्यात, असा हुकूम निघाला. पाचशे मडकी, महिन्याच्या आत.

"खाणीत साठ मडक्यांपुरतीच माती हाय," हुकूम घेऊन आलेल्या राजाच्या कारभाऱ्याला कुंभारीण म्हणाली.

"डोंगरभर दगड पडलाय आणि मातीला तोटा? याच दगडाची माती होते ना?"

"व्हते. पर पाण्यानं व्हते, तिच्या येळंनं."

"मग आम्ही लवकर करू," कारभारी म्हणाला.

आणि त्याने केलं काय? रान सपाट केलं. दगड फोडला, चुना दळायच्या घाण्यात घालून बैलांकडून भरडून घेतला, वस्त्रगाळ केला आणि पांढऱ्या भुकटीचे ढीग म्हातारीच्या दारात ओतले.

तिने चिमूटभर भुकटी पाण्यात कालवली, बोटांत वळून पाहिली. वळी मोडली.

"ही माती न्हाई. दगडाचं पीठ हाय."

"पांढरं आहे, बारीक आहे, आणखी काय हवं? तुला काम नको, म्हणून ही सोंगं."

ज्याने जन्मात मातीला हात लावला नव्हता, तो पन्नास वर्षं चाकावर बसलेल्या बाईला माती शिकवत होता. वर त्याने तिला लबाड ठरवलं, तिचं चाक उचलून नेलं आणि आठ दिवसांत गाव सोडायला सांगितलं.

म्हातारीच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याच आठवड्यात धो धो पाऊस पडला. तो थांबताच ती दोन गाठोडी घेऊन तडक दरबारात गेली.

"सरकार, चाक नेलं त्याचं दुख हाय. पर मला लबाड म्हनले, त्याचं जास्ती हाय. एका गाठोड्यात माती हाय, दुसऱ्यात यांचं पीठ. कारभाऱ्यांनी दोन्हीची एकेक पणती करून दावावी."

राजाने मान डोलावली. कारभारी बाह्या सावरून बसला. पहिल्या गाठोड्यातल्या मातीची पणती त्याच्याही हातून झाली, वाकडीतिकडी का होईना. दुसऱ्या गाठोड्यातली भुकटी कमी पाण्यात चिरली, जास्त पाण्यात ओघळली. तासभर झटूनही तिची पणती होईना. दरबार हसू लागला. म्हातारी हसली नाही.

राजाने कारभाऱ्याला तिथेच पदावरून काढलं आणि चाक परत द्यायला सांगितलं. मग तो म्हणाला, "आजी, चूक आमची झाली. आता हवे तेवढे दिवस घ्या. साठ तर साठ, पण मडकी करा."

"कशाची करू, सरकार?" म्हातारी कडाडली. "वर झाड ऱ्हायलं न्हाई. ह्या पावसानं खाण धुऊन नेली, समदी माती नदीत गेली. ह्या गाठोड्यात हुती ती शेवटची. अन् तिची पणती कारभाऱ्यांनी केली."

दरबारातलं हसू विरलं. राजाने ती वाकडी पणती हातात घेतली.

राजकन्येचं लग्न तांबड्या मडक्यांच्या उतरंडींत लागलं. खाणीवर राजाने पुन्हा झाडं लावली. झाडं मोठी झाली, राजा म्हातारा होऊन गेला, त्याचे नातूही गेले. खाणीत कुदळ घातली की अजून दगडच लागतो.

जे पाणी आणि काळ मिळून घडवतात, ते हुकमाने घडत नाही; हुकमाने ते फक्त मोडतं.