करप्या कड्याखालची भोपळ्याची फुलं

पाहुणे, जरा वर बघा. हा कडा अर्ध्यापर्यंत काळा दिसतो, तो पावसाच्या ओलीने नव्हे. याला आम्ही करपा कडा म्हणतो. कपारीत आग्या माश्यांची पोळी लोंबताहेत, त्यांच्याखाली आम्ही विडीसुद्धा पेटवत नाही. आणि सकाळी वाडीत शिरताना बायका तुमच्याशी बोलल्या नाहीत, भोपळ्याच्या वेलांत मुकाट्याने वाकून राहिल्या, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. भाद्रपदातला हा फुलं लावायचा दिवस. आमच्या उंबरदांडातच हा रिवाज आहे. का, ते माझ्या चुलत्याने सांगितलं तसं सांगतो.

फार मागे इथे खेवजी नाईक होता. त्याचा शब्द मोडायची कुणाची छाती नव्हती. त्याला आणि त्याच्या बायकोला, भिवराला, एकच लेक, मंजुळा. तिचं लग्न फाल्गुनात निघालं. ऊन तापलेलं, म्हणून पंगतीच्या चुली या कड्याच्या सावलीत मांडल्या. लाकडं ओली निघाली. धूर सरळ वर पोळ्यांत गेला आणि माश्या खाली उतरल्या. वऱ्हाडी घोंगड्यांत शिरले, कुणी ओढ्यात पडले. मंजुळा लुगड्यात पाय अडकून पडली ती तिथेच राहिली. तिला उचललं तेव्हा हळदीचं तोंड ओळखू येत नव्हतं, म्हणे.

लेकीला माती देऊन खेवजी उठला आणि म्हणाला, "या डोंगरावर किडा-मुंगी जिवंत ठेवणार नाही."

भिवरा एवढंच म्हणाली, "धनी, धूर आपल्या चुलीचा होता."

त्याने ऐकलं नाही. वाळलेल्या गवताला खालून आग लावली. पोळी जळाली, कडा करपला. नंतर माणसं लावून वारुळं खणली, गांधीलमाश्यांची घरटी फोडली, पाचोळ्याचे ढीग करून त्यातले भुंगे, नाकतोडे, फुलपाखरांचे कोश सगळे पेटवले. लोक मनातून घाबरले होते, पण नाईकाचं दुःख बघून कुणी तोंड उघडलं नाही.

पाऊस आला. डोंगर हिरवा झाला, पण त्यात आवाज नव्हता. पिलांना भरवायला अळ्या नाहीत म्हणून पाखरं घरटी न बांधताच निघून गेली. गुरांचं शेण मातीत नेणारे शेणकिडे नव्हते. शेण जागीच सडलं, आणि त्यावर सगळ्यांत आधी परतल्या त्या घरमाश्या. पोरं आजारी पडली. मग दुसऱ्या रानातून पतंग उडत आले, त्यांच्या अळ्या नाचणीवर पडल्या. त्यांना खाणारं कुणीच उरलं नव्हतं. पानांच्या नुसत्या शिरा राहिल्या.

भोपळ्याचे वेल मात्र फुलले. फुलं उघडायची, मिटायची, आणि मागची इवली बोंडी पिवळी पडून गळायची. एका सकाळी भिवराने बोंडी नसलेलं फूल खुडलं. बोटांना पिवळी पूड लागली. माश्या अंगावर हीच पूड घेऊन फिरतात, हे तिने जन्मभर पाहिलेलं. तिने ते फूल बोंडीवाल्या फुलात हलकेच फिरवलं. ती बोंडी गळली नाही. मग ती घरोघर गेली, आणि उन्हाने फुलं मिटायच्या आत बायका वेलावेलाशी वाकून अशी फुलाला फुलं लावू लागल्या. त्या भोपळ्यांवर वाडीतली पोरं जगली.

पण पुढे आश्विनात खुरासणी फुलली, आमचं तेलाचं पीक. अख्खं रान पिवळं, आणि एकेका फुलात रव्यासारखी बारीक, न मोजता येणारी फुलं. भिवरा दिवसभर त्यात फुलं लावत फिरली, पण एक कोपराही पुरा झाला नाही. संध्याकाळी बांधावर बसली आणि लेक गेली तेव्हा रडली नव्हती तशी रडली, असं सांगतात. दाणा सगळा पोचट निघाला. त्या हिवाळ्यात लोकांनी कंद उकडून खाल्ले. म्हातारी माणसं एकामागून एक गेली.

पुढच्या वर्षी खुरासणीच्या फुलोऱ्यात कड्यावर एक पोळं आलं. लोकांनी नाईकापासून लपवलं. पण पोळं कसं लपणार? खेवजी भरदिवसा पेटता पलिता घेऊन चढला. भिवरा मागून धावली, पण तिने त्याचा हात धरला नाही.

"मंजुळा परत येणार असेल तर द्या, मी पेटवते," ती म्हणाली. "सांगा, येईल?"

खेवजीने पलिता पोळ्याकडे उचलला. एक माशी खाली येऊन त्याच्या मनगटावर बसली. त्याने ती झटकली नाही. तिने डंख केला की नाही, हे कुणी सांगत नाही. त्याने पलिता मातीत दाबून विझवला आणि खाली उतरला. मात्र घरी गेला नाही. नदीपलीकडे खोपट घालून राहिला. भिवरा त्याला भाकर पोचवायची, दोघं बोलायची नाहीत. त्याने माश्यांना माफ केलं की स्वतःला, हे आम्हाला ठाऊक नाही. माझा चुलता म्हणायचा, कुणालाच केलं नाही.

आजही वाडीतल्या बायका या दिवशी पहाटेपासून न बोलता, न खाता फुलं लावतात. ऊन चढून फुलं मिटली की घरातली थोरली बाई नव्या सुनेला विचारते, "पुरले का गं हात?"

सुनेने खाली बघून म्हणायचं, "नाही पुरले, आत्याबाई."

त्यानंतरच चूल पेटते.