तिळूच्या गोधडीचा लाल दोरा

वाडीच्या कडेला एक विहीर. विहिरीला एक पायरी. पायरीखाली एक बीळ. बिळात एक करवंटी.

आणि करवंटीत कोण?

करवंटीत मिरी उंदरीण आणि तिचं बाळ तिळू.

मिरी एवढीशी. तिळू तिच्याहून एवढासा.

उद्या होता नाताळ. तिळूचा पहिला नाताळ.

यंदा पाऊस फार झाला होता. वाडीतल्या पुष्कळ केळी आडव्या पडल्या होत्या. सगळ्यांचे खिसे रिकामे. म्हणून विकतचं कुणी काहीच आणलं नव्हतं. घरात जे असेल, त्याचीच भेट करायची, असं सगळ्यांनी ठरवलं होतं.

मिरीच्या घरात काय होतं?

सात चिंध्या होत्या. एक जुना रुमाल होता. बाभळीचा काटा होता, तीच सुई. आणि एक लाल दोरा होता.

मिरी म्हणाली, "गोधडी शिवते. रात्री तिळूचे पाय गार पडतात."

मग म्हणाली, "पण मला येते का गोधडी?"

मग म्हणाली, "बघू."

वाडीत एक रीत होती. नाताळच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी, चर्चची घंटा वाजायची. टण्ण. घंटा वाजली, की भेट बाळाच्या उशाशी ठेवायची. घंटेनंतर सुई नाही, कात्री नाही, हातोडी नाही. जेवढं झालं, तेवढं झालं.

मिरीने चिंध्या मांडल्या. काट्याला दोरा बांधला. पहिला टाका घालणार, एवढ्यात समुद्रावरून वारा आला.

भुर्रर्र.

दोरा सुटला. दोरा उडाला. दोरा विहिरीत पडला. आवाजसुद्धा झाला नाही.

मिरी विहिरीत बघत बसली. विहिरीत आभाळ होतं. दोरा नव्हता.

मग तिने तिळूला पाठीवर घेतलं. तिळू झोपलेलाच.

तुरूतुरू, तुरूतुरू, मिरी निघाली.

कार्मेलीन मावशीच्या ओट्यावर शिलाई मशीन होतं. खडखड, खडखड. मावशी नातीसाठी बाहुली शिवत होती. जुन्या लुगड्याची बाहुली.

मिरी म्हणाली,

"मावशी, मावशी, दोरा दे.
दोऱ्याने गोधडी शिवीन.
गोधडीत तिळू निजेल."

मावशीने चष्म्यावरून पाहिलं.

"दोरा देईन गं. पण माझ्या बाहुलीला केस कुठायत? टकली बाहुली कोण घेईल? तुझ्या मिशा देतेस?"

मिरीने दोन्ही हातांनी मिशा झाकल्या.

"नाही ना? मग काथ्या आण जा. आधी काथ्या, मग दोरा."

आता काथ्या कुठे मिळेल?

तुरूतुरू, तुरूतुरू, मिरी निघाली. ऊन पिवळं झालं होतं, हळदीच्या दुधासारखं. पाठीवर तिळूने जांभई दिली. आऽऽ. आणि परत झोपला.

माडावर खारूताईचं घरटं होतं. सगळं काथ्याचं. खारूताई पिल्लांसाठी खुळखुळा करत होती. चिंचेच्या रिकाम्या टरफलाचा खुळखुळा. चिर्र चिर्र, चिर्र चिर्र, तिची नुसती धावपळ चाललेली.

मिरी म्हणाली,

"खारूताई, खारूताई, काथ्या दे.
काथ्या मावशीला. मावशी दोरा देईल.
दोऱ्याने गोधडी शिवीन.
गोधडीत तिळू निजेल."

खारूताईने टरफल हलवलं. आवाज आला नाही. मिरीच्या कानाशी नेऊन हलवलं. तरी आवाज आला नाही.

"ऐकलंस? काहीच नाही. याला खुळखुळा म्हणतात का? तीन पिल्लं आहेत मला. तिन्ही तोंडं फुगवून बसतील. यात घालायला वाल आण. आधी वाल, मग काथ्या."

आता वाल कुठे मिळतील?

तुरूतुरू, तुरूतुरू, मिरी निघाली. ऊन केशरी झालं. केळीच्या पानांच्या सावल्या लांब लांब झाल्या. पाठीवर तिळू शिंकला. छीं. आणि परत झोपला.

मांडवाखाली जुझेबाबा बसले होते. समोर वाल वाळत घातले होते. बाबा तारा करत होते. बांबूच्या कामट्यांचा, दारात टांगायचा तारा. शेजारी कागदाचे तुकडे. काही पतंगाचे, काही चॉकलेटचे.

मिरी म्हणाली,

"जुझेबाबा, जुझेबाबा, वाल द्या.
वाल खारूताईला. खारूताई काथ्या देईल.
काथ्या मावशीला. मावशी दोरा देईल.
दोऱ्याने गोधडी शिवीन.
गोधडीत तिळू निजेल."

जुझेबाबा म्हणाले, "घे की. पण माझा कागद बघ, चिकटतच नाही. हा तारा आमच्या म्हातारीसाठी. तिला विकतचा आवडत नाही. माझ्याच हातचा लागतो. माझं नशीब, दुसरं काय."

असं म्हणाले, पण मिशीतल्या मिशीत हसले.

"डिंक आण थोडा. आधी डिंक, मग वाल."

आता डिंक कुठे मिळेल?

तुरूतुरू, तुरूतुरू, मिरी निघाली. ऊन गुलाबी झालं. समुद्र लांबून श्वास घेत होता. हूऽऽस. हूऽऽस. पाठीवर तिळूने कूस बदलली. आणि परत झोपला.

कुंपणापाशी शेवग्याचं झाड होतं. अंगभर पांढरी फुलं. आणि खोडावर डिंकाचे थेंब, मधासारखे.

मिरी म्हणाली,

"शेवगेदादा, शेवगेदादा, डिंक दे.
डिंक जुझेबाबांना. जुझेबाबा वाल देतील.
वाल खारूताईला. खारूताई काथ्या देईल.
काथ्या मावशीला. मावशी दोरा देईल.
दोऱ्याने गोधडी शिवीन.
गोधडीत तिळू निजेल."

शेवगा म्हणाला, "दे... हीहीही... देतो. पण... हीहीही."

मिरीला वाटलं, आपल्यालाच हसतोय. तिने पटकन शेपटी पाहिली. मिशा पाहिल्या. सगळं जागच्या जागी होतं.

"तुला नाही गं हसत. माझ्या खोडावर अळ्या आहेत. वळवळ, वळवळ. गुदगुल्या होतात. हीहीही." शेवगा हलला. पांढरी फुलं हळूहळू खाली आली. एक तिळूच्या कानावर बसलं. "कोंबडीला बोलाव. अळ्या खा म्हणावं. आधी कोंबडी, मग डिंक."

आता कोंबडी कुठे मिळेल?

तुरूतुरू, तुरूतुरू, मिरी निघाली. ऊन संपत आलं. घरांवर, झाडांवर, विहिरीवर निळं निळं धुकं उतरलं. पाठीवर तिळूचे पाय गार लागले.

मिरी आणखी जोरात पळाली.

खुराड्यात कोंबडीकाकू बसली होती. अंग फुगवून, डोळे अर्धे मिटून.

मिरी म्हणाली,

"कोंबडीकाकू, कोंबडीकाकू, अळ्या खा.
अळ्या शेवगेदादाच्या. शेवगेदादा डिंक देईल.
डिंक जुझेबाबांना. जुझेबाबा वाल देतील.
वाल खारूताईला. खारूताई काथ्या देईल.
काथ्या मावशीला. मावशी दोरा देईल.
दोऱ्याने गोधडी शिवीन.
गोधडीत तिळू निजेल."

काकू म्हणाली, "अळ्या? अगं, सकाळपासून पोटात काही नाही. पण उठू कशी? माझ्याखाली पाच अंडी आहेत. मी उठले की ती गार होतील. कुणी बसेल का माझ्या जागी?"

मिरीने इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. तिथे दुसरं कुणीच नव्हतं.

"मी बसू?"

काकूने तिला वरून खालपर्यंत पाहिलं. त्याला काही वेळ लागला नाही. मिरी होतीच केवढी.

"तू? तू तर माझ्या एका पंखात मावशील."

"हो ना," मिरी म्हणाली. "मला जमणार नाही बहुतेक. एक अंडंसुद्धा झाकलं जाणार नाही. पण मी ऊब धरून ठेवीन. मी रोज तेच करते. पाय गार पडले की तिळूला पोटाशी घेते."

काकूने थोडा विचार केला. मग ती उठली.

"हलू नकोस. पडू नकोस. मी ही आलेच."

मिरी अंड्यांच्या मधोमध बसली. तिळूला पोटाशी घेतलं. एका अंड्याला पाठ लावली. एकाला शेपटी गुंडाळली. उरलेल्यांवर फुंकर घातली. हाऽऽ. हाऽऽ. गरम गरम.

मग तिने गाणं म्हटलं. अगदी हळू.

"गोल गोल घरात गोल गोल बाळ,
मऊ मऊ झोपेची मऊ मऊ माळ.
खिडकी नाही, दार नाही, कुलूप नाही, किल्ली नाही,
आत कोण झोपलंय, कुणालाच माहीत नाही."

अंडी ऐकत होती. धुकं ऐकत होतं. तिळू झोपेत ऐकत होता.

एवढ्यात आवाज आला.

टक.

मिरीने कान टवकारले.

टक टक.

पाठीमागच्या अंड्याला तडा गेला होता. बारीक, केसाएवढा.

"मोडलं. माझ्याच हातून मोडलं. तरी मी म्हटलं होतं, मला जमणार नाही."

टक टक टक. टचकन.

अंड्यातून एक चोच आली. चोचीमागून एक डोळा आला. डोळ्यामागून एक ओलं, पिवळं, थरथरणारं पिल्लू आलं. त्याने मिरीकडे पाहिलं आणि म्हणालं, "चिव."

दारात कोंबडीकाकू उभी होती. चोच पुसत.

"काकू, हे मोडलं गं," मिरी म्हणाली.

"मोडलं कुठलं? हे असंच उघडायचं असतं, वेडे. माझी नाताळची भेट आली. तुझं गाणं ऐकून लवकर आली."

काकू अंड्यांवर बसली. पिल्लू पंखाखाली गेलं.

"पळ आता. अळ्या खाल्ल्या मी. एकूण एक."

तिळूला परत पाठीवर घेऊन, तुरूतुरू, तुरूतुरू, मिरी पळाली.

काकूने अळ्या खाल्ल्या, म्हणून शेवगेदादाने डिंक दिला. त्याचं हसू थांबलं होतं. जरा कंटाळलाच होता.

शेवगेदादाने डिंक दिला, म्हणून जुझेबाबांनी वाल दिले. कागद चिकटला. तारा लाल, हिरवा, पिवळा झाला. आतून म्हातारी ओरडली, "झाला का एकदाचा?" बाबा म्हणाले, "अजून बघू नकोस गं."

जुझेबाबांनी वाल दिले, म्हणून खारूताईने काथ्या दिला. टरफलात वाल गेले. खुळ खुळ, खुळ खुळ. झोपलेली पिल्लं जागी झाली. खारूताईने कपाळाला हात लावला.

खारूताईने काथ्या दिला, म्हणून मावशीने दोरा दिला. बाहुलीला केस आले. दोन वेण्यासुद्धा आल्या.

मावशी म्हणाली, "पळ गं मिरे. घंटा व्हायला आली."

लाल दोरा तोंडात धरून मिरी घरी आली. तिळूला करवंटीत निजवलं.

खाली रुमाल, वर सात चिंध्या. टुचुक टुचुक, टुचुक टुचुक. पहिली बाजू झाली. टाके जरा वाकडे आले.

टुचुक टुचुक, टुचुक टुचुक. दुसरी बाजू झाली. टाके आणखी वाकडे आले.

टुचुक टुचुक, टुचुक टुचुक. तिसरी बाजू झाली.

आता चौथी बाजू. मिरीने काटा उचलला.

टण्ण.

घंटा वाजली.

टण्ण. टण्ण. धुक्यातून, केळींतून, विहिरीच्या पाण्यावरून.

सगळ्या वाडीत सुया थांबल्या. कात्र्या थांबल्या. जुझेबाबांच्या दारात तारा उजळला.

मिरीने काटा खाली ठेवला.

तीन बाजू शिवलेल्या. चौथी उघडीच. वर चिंध्या, खाली रुमाल, मध्ये फट.

"हे काय झालं," मिरी पुटपुटली. "अर्धवट गोधडी. पहिल्या नाताळला अर्धवट गोधडी."

पण रीत म्हणजे रीत. तिने ती तिळूच्या उशाशी ठेवली. आणि तोंड फिरवून बसली.

तिळू जागा झाला.

त्याने गोधडी हुंगली. एक कोपरा तोंडात घातला. एक पाय पुढे केला. पाय फटीत गेला. आत छान उबदार होतं.

मग दुसरा पाय गेला. मग पोट गेलं. मग पाठ गेली. सरक सरक, सरक सरक, तिळू आख्खा आत गेला. वर चिंध्या, खाली रुमाल, मध्ये तिळू. बाहेर फक्त नाक.

मिरीने मागे वळून पाहिलं.

तिने फटीतून हात घातला. तिळूचे पाय चाचपले. एक पाय. दुसरा पाय. तिसरा. चौथा.

चारही गरम होते.

"आई," तिळू आतून म्हणाला, "दार आहे याला."

"हो," मिरी म्हणाली. "मुद्दामच ठेवलंय."

तिळूचं नाकही आत गेलं. वाडी झोपली. वारा झोपला. गोष्टसुद्धा पाय पोटाशी घेऊन झोपली.

आता इथे कोण जागं आहे बरं?