रेवतीच्या पॅन्टचा नाडा

हे मी कुणाला सांगायचं नव्हतं. निनादमामा आईला सांगत होता, आणि मी तिथेच मेथी निवडत बसले होते.

“पण मॅडम, दोघं कशाला?”

मामाने हे तिसऱ्यांदा विचारलं. समोर आठ वर्षांच्या रेवतीच्या मेंदूचा फोटो लावलेला होता. एका रक्तवाहिनीला द्राक्षाएवढा फुगा आलेला. तो फुटला तर सगळं संपणार होतं.

पाठारे मॅडम सत्तरीच्या. कवटी उघडून शस्त्रक्रिया करायला मामाला त्यांनीच शिकवलेलं. त्याच्यासारखा हात कुणाचा नाही असं सगळे म्हणत. तोही म्हणत असे.

मॅडमनी पुन्हा समजावलं. मामाने वरून, फुग्याच्या पुढे, रक्ताला नवी वाट जोडून द्यायची. मग डॉक्टर मुकादमनी मांडीतून बारीक तार वर नेऊन फुगा आतून बंद करायचा. नवी वाट नसताना तो बंद केला, तर पुढचा मेंदू उपाशी राहणार. आणि वरून फुग्यापर्यंत पोचायचं, तर वाटेतलं बरंच काही दुखावणार.

शबनम मुकादम मामाच्याच वर्गातल्या. तारवाल्यांना कवटी उघडणारे लोक प्लंबर म्हणत, आणि ते यांना सुतार.

“मी पोचेन,” मामा म्हणाला. “याहून खोल गेलाय हा हात. प्लंबर नको.”

मॅडम उठल्या.

त्या त्याला वॉर्डात घेऊन गेल्या. रेवती चादर गुंडाळून खाटेवर बसली होती. हॉस्पिटलची ढगळ पॅन्ट सारखी घसरायची, आणि आता तर तिचा नाडाच निघून आला होता.

मॅडमनी नाड्याच्या टोकाला सेफ्टी पिन लावली आणि पॅन्ट मामाच्या मांडीवर ठेवली.

“ओव. एका हाताने.”

मामा हट्टाला पेटला. पिन नेफ्यात शिरली, चार बोटं पुढे गेली आणि थांबली. त्याने जोर केला, तसं कापडही तिच्याबरोबर सरकलं. नुसत्या चुण्या पडत गेल्या. त्याच्या कपाळावर घाम आला.

“डॉक्टरकाका, तुम्हाला घरी कुणी शिकवलं नाही का?” रेवतीने विचारलं.

शेजारच्या खाटेवरच्या आजी हसल्या. मामा हसला नाही.

मग रेवतीनेच हात पुढे केला. कापड चिमटीत धरून चुण्या मागे घेतल्या. पिन पुढे गेली. त्याने ढकलायचं, तिने मागे घ्यायचं… नाडा दुसऱ्या तोंडाने बाहेर आला.

मामा त्या टोकाकडे बघत राहिला…

फोन करता आला असता. पण तो जिने उतरून समोरच्या इमारतीत गेला आणि मुकादमना घेऊन आला. दोघं तासभर फोटोपुढे उभी होती. कुणी कुठे थांबायचं, कुणी कुणाला कधी खूण करायची, सगळं ठरलं.

उद्याच्या शस्त्रक्रियांचा फळा कोरा होता. मामाने पेन उचललं.

“मॅडम, पहिलं नाव कुणाचं लिहू? माझं की शबनमचं?”

मॅडम दारापर्यंत गेल्या होत्या.

“जिची पॅन्ट घसरत होती, तिचं.”

रेवती आता पाचवीत आहे, दोरीच्या उड्या मारते. मॅडमच्या त्या बोलण्याचा अर्थ मी मामाला विचारला, तर तो म्हणाला की… आले, आई, आले