अलिप्ततेचा अर्थ लेखी मिळणेबाबत

विषय : ‘अलिप्तता’ या शब्दाचा निश्चित अर्थ लेखी मिळणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराच्या पत्नीने दि. ९ जुलै रोजी विचारलेला तोंडी प्रश्न. २) या विषयासंबंधी अर्जदाराच्या यापूर्वीच्या तीन भेटी. तिन्ही वेळा उत्तर अप्राप्त.

“महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की...”

“हे टोक धरा,” लिंबाजीबुवा म्हणाले.

वामनराव खासनीस थांबले. पाटबंधारे खात्यातून कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त झालेले हे गृहस्थ. वाचताना मध्ये कोणी बोललं, तर पुन्हा पहिल्यापासून वाचायची त्यांची पद्धत होती. त्यांनी चष्मा नीट केला.

“विषय : अलिप्तता या...”

“ते कळलं. टोक धरा आधी.”

बुवा बाज विणत होते. मठ म्हणजे टेकडीवरच्या दोन खोल्या आणि पत्र्याची पडवी. खाली एस.टी.चा थांबा, तिथून वर तासभराची चढण. साताऱ्याहून निघून खासनीस ही चढण चौथ्यांदा चढले होते, आणि चौथ्यांदा त्यांच्या हातात काहीतरी काम आलं होतं. त्यांनी एका हातात अर्ज आणि दुसऱ्या हातात सुंभाचं टोक धरलं.

“ओढून धरा. ढिलं पडतंय.”

खासनिसांनी ओढून धरलं. मग त्यांना वाटलं, आता स्पष्ट बोलायला हवं.

“बुवा, गेल्या खेपेला मी हेच विचारलं, तर तुम्ही मला म्हशीला पाणी दाखवायला पाठवलंत.”

“तहानली होती.”

“त्याच्या आधीच्या खेपेला तुम्ही झोपलात.”

“झोप आली होती.”

“आणि पहिल्या खेपेला म्हणालात, जेवून जा.”

“जेवलात की. दोनदा भात घेतलात.”

खासनिसांनी श्वास आत घेतला, चार आकडे मोजून सोडला. पुण्याच्या तीन दिवसांच्या ध्यानशिबिरात त्यांना हे शिकवलं होतं. त्याचा उपयोग होतो, असं ते सर्वांना सांगत असत. आत्ता झाला नाही.

काखेतली वही त्यांनी बाजेच्या कडेवर ठेवली. वहीत लाल शाईने उभी रेघ मारलेली. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. स्वीकार, समर्पण, साक्षीभाव, वैराग्य. सजगतेचे दोन अर्थ होते, एक ग्रंथातला आणि एक शिबिरातला, आणि कोणता कधी लावायचा याची खाली टीप होती. अशी वही साताऱ्यात दुसरी नसेल. सगळे रकाने भरलेले होते. फक्त अलिप्ततेपुढचा मजकूर खोडला होता.

“हे खोडलं कशापायी?” बुवांनी विचारलं.

“तिच्या प्रश्नाला तो अर्थ पुरेना.”

“काय प्रश्न?”

“अर्जात आहे. परिच्छेद दोन.”

“तोंडानं सांगा.”

खासनिसांनी अर्ज पुन्हा डोळ्यांपुढे धरला. अर्जात ते वाक्य त्यांनी नीट बसवलं होतं. तोंडाने ते तसं येईना.

“ती म्हणाली... तुमची ती अलिप्तता आणि उद्या मी मेले तर तुम्हाला काही वाटणार नाही, यात फरक काय?”

बुवांचा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला.

“आता कुठं असतात बाई?”

“मिरजेला. भावजयीकडे. जुलैपासून.” खासनीस घाईने पुढे म्हणाले, “ऑगस्टमध्ये मी फोन केला होता. ती म्हणाली, माझ्या प्रश्नाचं काय झालं? मी म्हणालो, विचाराधीन आहे. ती म्हणाली, मग उत्तर आलं की कळवा. घरी यायचं की नाही ते त्यानंतर ठरवते. म्हणजे बघा, सगळं या एका अर्थावर अडलंय. तुम्ही तीन ओळी द्या. मी पोस्टाने पाठवतो. रजिस्टर.”

“रजिस्टर...”

“पोच मिळते.”

बुवांनी सुंभाला गाठ मारली. मग हात पुढे केला. खासनिसांनी मोठ्या आशेने अर्ज दिला. बुवांनी तो उलटा धरला, सुलटा केला, घडी घातली आणि मागच्या भिंतीतल्या देवळीत तेलाच्या बाटलीखाली सरकवला.

“पाहून सांगतो,” ते म्हणाले, आणि विणायला लागले.

खासनीस बघतच राहिले. सुंभ त्यांच्या हातून सुटलं.

“बुवा, मला? हे मला सांगता?”

“का? काय झालं?”

“पस्तीस वर्षं मी हेच केलं. खिडकीच्या आत बसून. रोज चाळीस माणसांना हे वाक्य ऐकवलंय मी. त्याचा अर्थ मला कळत नाही असं वाटतं तुम्हाला?”

“मला नाही ठाऊक. तुम्ही सांगा.”

“सांगतो की. त्याचा अर्थ असा की, तुमचा कागद मी पाहिलेला नाही आणि पाहणार नाही. तुमचं काय अडलंय ते मला माहीत आहे, पण ते माझं नाही. तुम्ही आता माझ्यापुढून जा. एवढाच अर्थ. दुसरा नाही.”

वहीतला एकही अर्थ खासनिसांनी इतका सरळ सांगितला नव्हता.

“आणि खिडकीपलीकडच्या माणसाला कळतं हे?”

“लगेच कळतं. काय न कळण्यासारखं आहे? शेतकरी असो, मास्तर असो, चेहऱ्यावरच दिसतं.”

“मग भांडत असंल.”

“एखादाच. बाकीचे ‘बरं’ म्हणतात आणि जातात.”

“बरं म्हणतात...”

“नुसतं बरं.”

पत्र्यावर एक कावळा येऊन चालत गेला.

बुवांनी सुटलेलं टोक जमिनीवरून उचललं, पण ते खासनिसांना दिलं नाही. स्वतःच्या पायाच्या अंगठ्याखाली दाबून धरलं.

“नऊ तारखेला बाईंनी विचारलं. तुम्ही काय उत्तर दिलंत?”

खासनिसांनी वही उघडली. ९ जुलैची नोंद काढली. प्रश्न होता. वेळ होती, सकाळी सव्वाअकरा. उत्तराची नोंद नव्हती.

त्यांनी वही मिटली.

“तिला नीट उत्तर द्यावं असंच माझ्या मनात होतं. उगाच तोंडाला येईल ते बोलण्यापेक्षा...”

“काय म्हणालात?”

“...हेच.”

“हेच म्हणजे?”

खासनिसांची नजर देवळीतल्या तेलाच्या बाटलीकडे गेली.

“बरं, बाई काय म्हणाल्या?”

“बरं म्हणाली,” खासनीस म्हणाले. “पिशवी भरून तयारच होती. कपडे न्यायलाच आली होती ती मिरजेहून. तेराव्यानंतर.”

“कुणाचं तेरावं?”

“तिचा भाऊ. दिगंबर. तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. तिनेच सांभाळला होता त्याला.”

ही माहिती अर्जात नव्हती. खासनिसांच्या मते विषयाशी तिचा थेट संबंध नव्हता.

“कळवलं कुणी?”

“फोन आला. पहाटे. मी गॅलरीत बैठकीला बसलो होतो.”

“बैठक म्हणजे?”

“श्वासावर लक्ष ठेवायचं. पंचेचाळीस मिनिटं. शिबिरात बजावून सांगितलंय, मध्ये काहीही झालं तरी बैठक मोडायची नाही. मन मुद्दाम कारणं पुढे करतं.”

“आणि बाई?”

“आत होती. आवाज येत होता.”

“कसला?”

खासनिसांनी बुवांकडे पाहिलं. हा माणूस कधी नव्हे ते प्रश्नामागून प्रश्न विचारत होता, आणि एकही प्रश्न अलिप्ततेबद्दल नव्हता. त्यांना संताप आला. आपण अर्थ विचारायला आलो आणि जबाब द्यायला बसलो.

“रडण्याचा,” ते म्हणाले. “दुसरा कसला असणार? मी तो आवाज पाहिला. म्हणजे, साक्षीभावाने. आवाज आला, आवाज गेला. तसंच करायचं असतं. आणि मी ते केलं, बुवा. तीन वर्षांत पहिल्यांदा मला ते जमलं. अजिबात हललो नाही.”

“श्वास मोजत होता?”

“मोजत होतो.”

“किती झाले?”

“पाचशे बारा.”

“रडणं कानावर येत असताना आकडा चुकला असंल कुठंतरी.”

“नाही,” खासनीस म्हणाले. “एकदाही नाही चुकलो.”

हे त्यांनी अभिमानाने म्हणायला घेतलं होतं. वाक्य संपेपर्यंत त्यातला अभिमान कुठे गेला, ते त्यांना कळलं नाही.

बुवांनी अंगठ्याखालचं सुंभ सोडलं. बाज अर्धी विणून झाली होती. ते तिच्याकडे बघत बसले.

“डोळे उघडले तेव्हा ती नव्हती,” खासनीस म्हणाले. आता ते बुवांना सांगत नव्हते. “शेजारचे कुंटे तिला गाडीतून घेऊन गेले होते. ओट्यावर माझा चहा झाकून ठेवला होता. मी तो प्यायलो. मग नऊची मिरज गाडी पकडली.”

“चहा गार झाला असंल.”

“कोमट होता.”

“म्हणजे तुम्ही उठायच्या जरा आधीच गेल्या त्या.”

गेले अडीच महिने खासनिसांनी त्या पहाटेचा सगळा क्रम मनात कितीदा लावला होता. फोन, बैठक, कुंटे, चहा, गाडी. पण चाळीस मिनिटं ती आत बसून होती, कोणीतरी उठून येईल म्हणून, हे त्या क्रमात कुठेच नव्हतं. रडता रडता तिने उठून चहाही केला होता. एकच कप.



बुवा उठले. माठातलं पाणी तांब्यात घेऊन आले. खासनीस प्यायले. थोडं सदऱ्यावर सांडलं, ते त्यांनी पुसलं नाही.

“मग मी तिला काय लिहू?” शेवटी त्यांनी विचारलं.

बुवांनी तांब्या माठाशी नेऊन ठेवला.

“काहीतरी लिहावंच लागेल. तिने उत्तर मागितलंय. रिकाम्या हाताने मी तिच्यापुढे कसा उभा राहू? दारातच ती विचारणार, अर्थ मिळाला का म्हणून. मी काय सांगू? नाही मिळाला म्हणून सांगू?”

“नाही मिळाला, तर नाही मिळाला म्हणावं.”

“आणि मग?”

“मग त्या काय म्हणतात ते ऐकावं.”

“आणि ती रडायला लागली तर?”

बुवांनी इतकं रोखून पाहिलं की खासनिसांनी मान खाली घातली. साठी उलटलेल्या, पस्तीस वर्षं सरकारी सेवा केलेल्या माणसाने विचारावा असा तो प्रश्न नव्हता, हे त्यांना विचारून झाल्यावर कळलं.

ते उठले. वही काखेत घेतली. पडवीच्या पायरीवर गेले आणि तिथेच घुटमळले. सवय अशी एकाएकी जात नाही. कागद दुसऱ्याच्या ताब्यात देऊन पोच न घेता ते आयुष्यात कुठूनही निघाले नव्हते.

“बुवा, अर्जाचं काय? त्यावर तुमचा निर्णय होईपर्यंत मी खाली गावात थांबू का? धर्मशाळा आहे म्हणतात.”

बुवांनी सुंभाचं टोक शोधलं आणि पुन्हा खाली बसले.

“कागद थांबंल की. तुम्ही कशाला थांबताय?”

सदर अर्ज मठातल्या देवळीत, तेलाच्या बाटलीखाली आहे. त्यावर अद्याप शेरा नाही. अर्ज प्रलंबित आहे.