न घडलेली दुखापत

ही फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा निरोप माणसाच्या पायांनीच जायचा. एका डोंगरी राज्यात वर मोठा बंधारा होता आणि खाली खोऱ्यात एक गाव. वरचा निरोप पळत गावात पोचवायला आठ हरकारे होते.

दर वर्षी त्यांतल्या तीन-चार जणांच्या मांडीमागचा स्नायू पळता पळता फाटायचा. मागून कुणी दगड मारावा तसा माणूस कळवळून खाली बसायचा. राज्यातली वैद्यीणबाई बारा वर्षं हे पाहत होती. कोण पडला, कधी पडला, आधी काय करत होता, हे ती प्रत्येकाला खोदून खोदून विचारायची. लोक तिला वेड्यात काढायचे.

शेवटी तिला दोन गोष्टी उमगल्या. दुखणं थांबलं म्हणजे स्नायू बरा झाला असं नसतं. घाईने पळायला लागलं की तो पुन्हा तिथेच फाटतो. आणि एक कसरत नेमाने केली तर सहसा फाटतच नाही. गुडघ्यांवर उभं राहायचं, जोडीदाराने टाचा दाबून धरायच्या, आणि धड ताठ ठेवून हळूहळू पुढे झुकायचं.

पहिले काही दिवस हरकाऱ्यांच्या मांड्या भरून आल्या, त्यांनी कुरकुर केली. पण वैद्यीणबाईच्या सांगण्यावरून राजानेच तसा हुकूम काढला होता. दोन वर्षं कसरत चालली आणि दोन वर्षांत एकही हरकारा पडला नाही.

इथेच घात झाला. हरकाऱ्यांचा म्हातारा नाईक राजाकडे गेला. त्याची बायको, लेकीसुना, सगळं घर खालच्या गावात होतं.

"महाराज, दोन वर्षांत कुणाला काही झालेलं नाही," तो म्हणाला. "मग हा रोजचा खटाटोप कशाला?"

राजाला ते पटलं. वैद्यीणबाईने हात जोडून सांगितलं की काही झालं नाही ते या खटाटोपामुळेच. पण जे घडलंच नाही ते ती दाखवणार कसं? दरबार हसला. त्या हसणाऱ्यांचा मला आजही राग येतो.

कसरत बंद झाली. पुढच्या पावसाळ्यापर्यंत एकामागून एक सात हरकारे लंगडत घरी बसले. आठव्याचाही स्नायू फाटला होता, पण दहा दिवसांत त्याचं दुखणं थांबलं. वैद्यीणबाई थांबा म्हणत असताना नाइकाने त्याला कामावर घेतलं.

एका दुपारी बंधाऱ्याला भेग पडली. नाइकाने त्या एकमेव उरलेल्या हरकाऱ्याला पिटाळलं.

अर्ध्या उतारावर त्याचा स्नायू पुन्हा तिथेच फाटला. तो कोपरांवर सरपटत राहिला. खाली शेतात वाकलेली माणसं त्याला दिसत होती, पण त्याची हाक तिथवर पोचत नव्हती. थोड्या वेळाने त्याच्या शेजारून पाणी गेलं. मग खाली गाव उरलं नाही.

चौथ्या दिवशी नाईक वैद्यीणबाईच्या दारात येऊन बसला.

"बाई, उद्यापासून कसरत सुरू करतो," तो म्हणाला.

"करा," ती म्हणाली. "पण नाईक, आता निरोप कुणाला पोचवायचा?"

तिच्याकडे त्याच्यासाठी औषध नव्हतं.

तात्पर्य: टळलेलं संकट डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ते टाळणाऱ्याला निरुपयोगी ठरवू नये.