खिंडीतला फेकणारा

ऐका तर. कुणाच्या पणज्यालाही आठवणार नाही इतक्या जुन्या काळी, डोंगरावर एक विद्यालय होते. त्याच्या खालच्या खिंडीत एक फेकणारा उभा असे. त्याला चेहरा होता की नाही, हे कुणालाच सांगता येत नसे. भर दुपारी सगळ्यांच्या सावल्या पायाखाली जात, त्याची मात्र लांबलचक पडे.

वर्षातून एकदा एका शिष्याने दांडू घेऊन खिंडीत जमिनीत बसवलेल्या दगडी पाटाशी उभे राहायचे आणि फेकणाऱ्याने चेंडू फेकायचे. कुणी गेले नाही तर तो स्वतःच वर येईल, ही भीती. चेंडू पाटावरून, गुडघा आणि छाती यांच्यामधून गेला तर खरा. तेव्हा पाट आपोआप घुमे. बाकीचे खोटे. खरा सोडला किंवा कुठलाही मारायला जाऊन हुकला, की एक चूक. तिसऱ्या चुकीला शिष्य त्याच्या मागच्या रांगेत मुका होऊन उभा राही. चेंडू टोलवला, किंवा चार खोटे सोडले, तर फेकणाऱ्याने रांग मोकळी करायची.

पण चेंडू सोडणे म्हणजे भ्याडपणा, असे साऱ्या विद्यालयाचे ठाम मत होते. मंडळी काठावर उभी राहून "मार! मार!" म्हणून घसा फोडून ओरडत. ओरडायला काय जाते? गेल्या साली भिवाने त्या गलक्यात डोक्यावरून जाणाऱ्या चेंडूवरही दांडू फिरवला. आता तो रांगेत उभा होता.

यंदा पाळी होती त्याच्या धाकट्या बहिणीची, सगुणाची.

म्हाताऱ्या आचार्यांनी तिच्या हाती दांडू दिलाच नाही. रोज ते खडे फेकत आणि तिने नुसते सांगायचे, "माझा" किंवा "माझा नाही".

"आचार्य, मारायचं कधी शिकवणार?" ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

"मारता सगळ्यांनाच येतं, पोरी. आधी तुझा कुठला ते ठरव."

तो दिवस उजाडला. खिंडीत पाखरूही बोलत नव्हते. पहिला चेंडू आला आणि पाट घुमला. भीतीने तिचे हात हललेच नाहीत. एक चूक. पुढचे दोन बाहेरून गेले, तिने सोडले. "हात गोठले काय गं?" काठावरून कुणी तरी हसले. चौथा थेट पाटावर आला. तिने जीव खाऊन दांडू फिरवला आणि हुकली. दोन चुका. पाचवा जमिनीलगत सरपटत गेला, तो तिने सोडला.

आता एकच चेंडू. फेकणाऱ्याने तो ओठांशी नेला, निदान जिथे ओठ असावेत तिथे, आणि सोडला.

चेंडू बोलत आला. भिवाच्या आवाजात.

"सगुणे, मार! मार, म्हणजे मी सुटलो!"

वर्षभर त्या आवाजासाठी ती झुरली होती. दांडू खांद्यावरून निघालासुद्धा. पण चेंडू पाटाच्या वीतभर बाहेर होता.

"माझा नाही," ती पुटपुटली आणि रडत रडत तिने हात आवरले.

चेंडू गेला. पाट घुमला नाही. फेकणारा बाजूला झाला आणि रांग मोकळी झाली.

सगुणा रांगेपाशी गेली. भिवाने तिचा हात घट्ट धरला. त्याचा हात बर्फासारखा गार होता.

"दादा, तू हाक मारलीस आणि मी ऐकलं नाही," ती हुंदके देत म्हणाली.

"मी मुक्या तोंडाने ओरडत होतो खरा," भिवा म्हणाला, "पण मी 'थांब' म्हणत होतो."

ते ऐकून काठावरच्यांनी माना खाली घातल्या, आणि त्यानंतर त्या विद्यालयात पाटाशी उभ्या असलेल्याला कुणी कधी ओरडून सांगितले नाही.

तात्पर्य: समोर येईल त्यावर तुटून पडणे म्हणजे शौर्य नव्हे; आपले काय ते ओळखून बाकीचे सोडून देण्याला अधिक धैर्य लागते.